टीसी थांबू द्यायचं नाही: एज ऑफ एम्पायर्स २ शिकवण्याच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळीत ताईकडे सगळे जमलो होतो तेव्हा ठरलेलं काम आजपासून हातात घेतलं. एज ऑफ एम्पायर्स २ हा गाव वसवून, सैन्य उभारून लढायचा कॉम्प्युटरवरचा खेळ नव्याने शिकणाऱ्यांसाठी मराठीत सरावाचे तक्ते लिहायचे. एका तक्त्यात एकच गोष्ट: ती का करायची त्याचं गणित, आणि ती हातात बसवायचा सराव.

या खेळावरच्या माहितीला तोटा नाही. पण नवख्याच्या हाती पडते ती फक्त क्रमवारी. सहा जण मेंढ्यांवर, चार लाकडावर, पुढचा रानडुकरामागे. असं का, हे फार थोडे जण सांगतात. समोरच्याने जरा वेगळं काही केलं की पाठ केलेली क्रमवारी मोडते आणि हात जागच्या जागी थांबतात. ज्याला कारण ठाऊक असतं तो मोडलेली घडी पुन्हा बसवतो, हे मी इतक्या वर्षांत पुन्हा पुन्हा पाहिलंय. म्हणून कारणापासून सुरुवात.

शिकणारे दोघं. भाची अकरावीत आहे, तिने हा खेळ कधीच खेळलेला नाही. आणि तिचे बाबा, म्हणजे आमचे दाजी, ज्यांनी इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर लॅन टाकून रात्र रात्र ‘कॉन्करर्स’, म्हणजे याच खेळाची जुनी वाढीव आवृत्ती, खेळलंय. एकाची पाटी कोरी आणि दुसऱ्याच्या पाटीवर वीस वर्षांपूर्वीचं लिहिलेलं. तक्ते तपासायला याहून चांगली जोडी मिळाली नसती.

खेळ मूळचा १९९९ चा, डॅलसच्या एन्सेम्बल स्टुडिओजचा. आपण २०१९ ची डेफिनिटिव्ह एडिशन वापरणार. नकाशा अरेबिया, एकास एक. दोघांनाही फ्रँक्स हे राष्ट्र, कारण त्यांना गिरणीतल्या शेतीच्या सुधारणा फुकट मिळतात आणि नवख्याच्या डोक्यावरचं एक ओझं कमी होतं.

१६ नोव्हेंबर

पहिला तक्ता: सहाच का?

सुरुवातीला आपल्याकडे काय असतं ते दोघांकडून लिहून घेतलं. तीन गावकरी, एक स्काउट म्हणजे घोड्यावरचा टेहळ्या, आणि एक टाउन सेंटर म्हणजे टीसी, जिथे गावकरी तयार होतात ती मुख्य इमारत. कोठारात २०० अन्न, २०० लाकूड, १०० सोनं, २०० दगड. एका गावकऱ्याला ५० अन्न लागतं आणि तो तयार व्हायला २५ सेकंद. म्हणजे हातातल्या २०० अन्नात चार गावकरी, १०० सेकंदांची सोय. त्यानंतर टीसी चालू ठेवायचं तर दर २५ सेकंदांना ५० अन्न, सेकंदाला २ अन्न यायला हवं.

मेंढीवर बसलेला एक गावकरी सेकंदाला सुमारे ०.३३ अन्न आणतो. भाचीने वहीत गुणाकार मांडला. सहा जणांचं १.९८ झालं. तिने मान वर करून विचारलं, “मामा, मग पाच ठेवले तर?” पाच जण २५ सेकंदांत ४१ च्या आसपास आणतात. दर गावकऱ्यामागे नऊ अन्न कमी. दोन-तीन गावकरी झाले की टीसी वाट बघत बसतं.

यापुढे ‘सहा मेंढ्यांवर’ हे तिला पाठ करावं लागणार नाही. ब्रिटन्सचे मेंढपाळ २५ टक्के जास्त वेगाने काम करतात, तर त्यांचं काय होईल, हे तिने न सांगता काढलं.

दाजींना हे गणित नवीन नव्हतं, पण मांडणी नवीन होती. होस्टेलवर ते सुरुवातीचे दहा जण लाकडावरच पाठवायचे, कारण गाव लवकर उभं करायचं असायचं.

१७ नोव्हेंबर

कालच्याच तक्त्याचा सराव. दोघांच्याही खेळात एकच गोष्ट दिसली, उलट्या टोकांनी. भाची एक गावकरी तयार झाल्यावर दुसरा सांगायला विसरते, मधे टीसी रिकामं राहतं. दाजी एकदम पाच सांगून ठेवतात. रांगेत लावलेल्या प्रत्येक गावकऱ्याचे ५० अन्न त्याच क्षणी वजा होतात, त्यामुळे अडीचशे अन्न अडकून पडतं आणि पुढची गरज उभी राहिली की हात कोरडे.

ताई पोळ्या करता करता ऐकत होती. म्हणाली, “तवा रिकामा ठेवायचा नाही आणि आधीच लाटून ढीगही लावायचा नाही. एक तव्यावर, एक पोळपाटावर.” तक्त्यात हेच वाक्य घेतलं. चालू गावकरी आणि त्यामागे एकच, पहिल्या काही मिनिटांसाठी याहून नेमका नियम मला सुचला नसता.

टीसी २५ सेकंद थांबलं तर एक गावकरी कायमचा मागे पडतो, हेही खाली लिहिलं. लाकडावरचा गावकरी सेकंदाला सुमारे ०.३९ आणतो. दुसऱ्या मिनिटाला चुकलेला एक गावकरी बाराव्या मिनिटापर्यंत २३० च्या वर लाकूड कमी करून ठेवतो. एक अस्तबल १७५ लाकडात होतं.

२४ नोव्हेंबर

रानडुक्कर. खेळातलं पहिलं हातचलाखीचं काम, आणि इथेच नवखे घाबरतात.

एका रानडुकरात ३४० अन्न, जवळजवळ सात गावकऱ्यांचं. शिकारीवर बसलेला गावकरी सेकंदाला सुमारे ०.४१ आणतो, मेंढीपेक्षा चांगला वेग. म्हणून धोका पत्करायचा. एक गावकरी पाठवायचा, त्याने बाण मारायचा आणि टीसीकडे पळत यायचं. डुक्कर मागे लागतं. टीसीखाली पोचलं की मेंढ्यांवरच्या सगळ्यांनी मिळून पाडायचं. पळणाऱ्याचा जीव अगदी कमी उरला तर त्याला टीसीत घालायचं.

भाचीच्या सरावात दोनदा डुक्कर वाटेतून परत फिरलं. गावकऱ्याला सोडून ती टीसीवर नजर टाकायला जायची आणि तेवढ्यात तो भलत्या दिशेला गेलेला असायचा. तिचं टीसी मात्र थांबलं नव्हतं. मला ते जास्त मोलाचं वाटतं. डुक्कर आणायचं बोटांना आठवडाभरात जमतं.

लूम ही सुधारणा कधी घ्यायची हा प्रश्न इथेच आला. ५० सोनं, २५ सेकंद, आणि गावकऱ्याचा जीव २५ वरून ४०. पण त्या २५ सेकंदांत गावकरी होत नाही. कसलेले खेळाडू लूम शेवटपर्यंत ढकलतात, अगदी फ्यूडल या दुसऱ्या युगाकडे जायचं बटण दाबण्याआधी घेतात. शिकणाऱ्याने पहिल्या डुकराआधी घ्यावं, असं मी तक्त्यात लिहिलंय. एका गावकऱ्याचा उशीर चालेल, पण डुकरासमोर गावकरी मेला तर शिकणाऱ्याचा पुढचा सगळा डावच विस्कटतो.

१ डिसेंबर

दुसरा तक्ता. हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, आणि यात डावपेच काहीच नाहीत.

स्पर्धेतल्या खेळाचा वेग १.७ पट असतो. खेळातले २५ सेकंद म्हणजे घड्याळातले १५ च्या जरा आत. म्हणून मोबाइलवर दर १५ सेकंदांना वाजणारी टिंग लावली. टिंग झाली की हातातलं काहीही असो, एकच फेरी: टीसीत पुढचा गावकरी सांगितला का, घरं पुरेशी आहेत का, कुणी रिकामा उभा आहे का, छोट्या नकाशावर काही हललं का. मग पुन्हा आपल्या कामाला.

घरांचं आधी सांगायला हवं होतं, तक्त्यात ते वर हलवलं. टीसीत पाच जणांची जागा असते आणि सुरुवातीलाच चार जण हजर असतात. म्हणजे दुसऱ्या नव्या गावकऱ्याच्या आत घर उभं राहायलाच हवं. २५ लाकूड, पाच माणसं.

हा सराव कंटाळवाणा आहे. दाजींनी दहा मिनिटांत मोबाइल बंद केला. भाचीने चालू ठेवला आणि शेवटी शेवटी ती टिंग व्हायच्या आधीच फेरी मारू लागली. माझ्या मते कौशल्य म्हणतात ते इथे जन्मतं. या खेळात सगळ्यात तुटपुंजी गोष्ट सोनं किंवा लाकूड नसते, लक्ष असतं. जे काम हात आपसूक करतात तेवढं लक्ष मोकळं होतं, आणि मोकळ्या लक्षातच डावपेच सुचतात. उलटा रस्ता मी कुणाला जमलेला पाहिला नाही. आधी मोठमोठे बेत आणि मग टीसी, असं शिकणारे सगळे एका उंचीवर अडकतात.

७ डिसेंबर

फक्त हॉटकी, म्हणजे कीबोर्डवरची झटपट बटणं. एच दाबलं की टीसी. कंट्रोल आणि आकडा दाबून सैन्याची तुकडी. रिकाम्या गावकऱ्याची की. एवढ्याच. उरलेली कामं महिनाभर माऊसने.

जेवताना दाजींनी विचारलं, “यात मराठे का नाहीत रे?” हा खेळ मध्ययुगाचा, त्यातल्या ऐतिहासिक लढाया सोळाव्या शतकाच्या शेवटाशी थांबतात. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा. हिंदुस्थानचं मात्र २०२२ मध्ये चांगलं झालं. तोवर एकच ‘इंडियन्स’ होते, एप्रिल २०२२ च्या ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ने त्यांच्या जागी हिंदुस्तानी, द्रविडियन्स, बेंगॉलीज आणि गुर्जर असे चार आणले. चौघांनाही नाइट हे घोडदळ नाही, आणि चौघांचं खेळणं एकमेकांपासून पार वेगळं. द्रविडियन्सना प्रत्येक नव्या युगात २०० लाकूड मिळतं, बेंगॉलीजना दोन गावकरी. भाचीला गुर्जर आवडले, कारण त्यांना मेंढ्या गिरणीत ठेवून अन्न मिळवता येतं. आत्ता नको म्हटलं, आधी फ्रँक्स.

१५ डिसेंबर

तिसरा तक्ता: फ्यूडल युगात कधी जायचं?

युग बदलायला ५०० अन्न आणि १३० सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ टीसी गावकरी देत नाही. पाच गावकऱ्यांचा खड्डा. लवकर गेलो तर सैन्य लवकर, पण माणसं कमी. उशिरा गेलो तर माणसं भरपूर, पण तोवर शत्रू दारात.

घोडेस्वार स्काउट्सच्या हल्ल्यासाठी २० गावकरी आणि लूम हा नेहमीचा हिशेब. तीन आधीचे, सतरा नवे. सतरा गुणिले २५ म्हणजे ४२५ सेकंद, लूमचे २५ धरून ४५०. साडेसात मिनिटं. वर १३० सेकंद, म्हणजे ९ मिनिटं ४० सेकंदांना फ्यूडल. याहून उशीर झाला तर जेवढा उशीर तेवढा वेळ टीसी कुठेतरी थांबलेलं. शिकणाऱ्याच्या हातात स्वतःला तपासायचा इतका स्वच्छ आकडा फार थोड्या खेळांत असतो.

इथे दाजींशी खरी चर्चा झाली. ते म्हणाले, “आम्ही अर्धा तास कुणी हल्ला करायचा नाही असं ठरवूनच बसायचो. आधी गाव नीट उभं करायचं, तटबंदी करायची, मग लढाई. तीच तर मजा.” ती मजा मला मान्य आहे. पण त्या खेळात एक प्रश्नच पुसला जातो: आत्ता खर्च करू की पुढच्यासाठी ठेवू? तीन स्काउट्सना २४० अन्न लागतं, जवळपास पाच गावकऱ्यांचं. ते अन्न घोड्यांवर घालायचं की माणसांवर, हे समोरच्याकडे बघून ठरवावं लागतं. अर्ध्या तासाच्या करारात समोरच्याकडे बघायची गरजच पडत नाही.

दाजी गप्प बसून ऐकत होते, मग म्हणाले, “तीन घोडे जाऊन मारणार किती रे? दोन माणसं?”

बहुतेक वेळा तेवढीही नाही. पण ते तीन घोडे लाकूडतोड्यांमध्ये फिरले की समोरच्याला माणसं पळवावी लागतात, भालेवाले सांगावे लागतात, कुंपण घालावं लागतं. हे करताना त्याची ती १५ सेकंदांची फेरी चुकते. त्याचं टीसी थांबतं. स्काउट्सचा हल्ला हा समोरच्याच्या लक्षावरचा हल्ला आहे. आणि म्हणूनच हल्ला करताना आपलं टीसी चालू ठेवता येत नसेल तर हल्ला करण्यात अर्थ नाही, कारण मग दोघांचंही नुकसान सारखंच.

संध्याकाळी दाजींनी टिंग स्वतःहून लावली.

२२ डिसेंबर

कोण कुणाला भारी. हा तक्ता करायला मला सगळ्यात जास्त आनंद झाला, कारण यात ‘भारी’ म्हणजे किती, ते मोजता येतं.

फ्यूडल युगातला तिरंदाज: जीव ३०, मारा ४. भालाफेक करणारा स्कर्मिशर: जीव ३०, बाणांविरुद्ध कवच ३. तिरंदाजाचा प्रत्येक बाण फक्त १ जीव घेतो. प्रत्येक बाण लागला असं धरलं तरी एका स्कर्मिशरला पाडायला तीस बाण. उलट स्कर्मिशरचा मारा २, तिरंदाजांविरुद्ध वरचे ३, एकूण ५. सहा भाल्यांत तिरंदाज खलास. दोघांनीही फ्लेचिंग ही सुधारणा घेतली तर आकडे पंधरा आणि पाच होतात. शिवाय स्कर्मिशर २५ अन्न आणि ३५ लाकडात होतो, सोनं लागत नाही. तिरंदाजाला ४५ सोनं जातं.

भाचीचा प्रश्न अपेक्षित होता: “मग सगळे स्कर्मिशरच का करत नाहीत?”

कारण तिरंदाज आणि भालेवाले सोडले तर ते कुणाचंच फारसं काही बिघडवत नाहीत. लूम घेतलेल्या गावकऱ्याला त्यांचा भाला जेमतेम लागतो. स्काउट्स त्यांना कापून काढतात. स्काउट्सना भालेवाला भारी: मारा ३, घोड्यांविरुद्ध वरचे १५, म्हणजे एका टोच्याला १८. आणि भालेवाल्यांना तिरंदाज लांबूनच संपवतात. असं चक्र फिरत राहतं, आणि आपण चक्रात कुठे उभं राहायचं ते समोरच्याने निवडलेली जागा कळल्याशिवाय ठरवता येत नाही.

यानंतर तिने एक गोष्ट शोधली जी माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. साध्या स्काउटचा जीव ४५. फ्रँक्सच्या घोडदळाला २० टक्के जास्त, म्हणजे ५४. भालेवाल्याचे १८ चे तीन टोचे बरोबर ५४. म्हणजे भालेवाल्यासमोर फ्रँक्सचा जास्तीचा जीव काहीच कामाचा नाही, साधा स्काउटही तिसऱ्या टोच्यालाच पडतो. तो फायदा बाणांसमोर आणि गावकऱ्यांच्या माऱ्यासमोर. तक्त्याच्या तळाशी तिच्या नावाने लिहिलं.

५ जानेवारी २०२५

समोरच्याचं वाचन. चौथा तक्ता.

पद्धत: आधी झालेल्या सामन्याचं रेकॉर्डिंग लावायचं, एका खेळाडूच्या नजरेतून, म्हणजे त्याला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला. सातव्या-आठव्या मिनिटाला थांबवायचं. विचारायचं: समोरचा काय करणार? उत्तर लिहायचं आणि मग पुढे बघायचं.

खुणा थोड्या आहेत. अंधारयुगात, म्हणजे पहिल्या युगातच, फार लवकर बराक उभी राहिली तर पायदळाचा हल्ला. सोन्यावर माणसं बसली तर बहुधा तिरंदाज. अन्नावर गर्दी, सोन्यावर कुणी नाही आणि युग बदलताना बराक, म्हणजे स्काउट्स. कुठेच काही नाही आणि गावाभोवती कुंपण पुरं होत आलंय, म्हणजे तो कॅसल या तिसऱ्या युगाची घाई करतोय.

भाचीला पहिल्या दिवशी पडद्यावर वीस गोष्टी दिसत होत्या. दाजींना चार दिसल्या, पण त्या कामाच्या होत्या. बुद्धिबळावरचा एक जुना प्रयोग या वेळी सांगितला. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये खेळाडूंना पट पाच सेकंद दाखवला आणि आठवणीने मांडायला सांगितला. खऱ्या डावातला पट असेल तर कसलेला खेळाडू नवख्यापेक्षा कितीतरी जास्त सोंगट्या बरोबर ठेवायचा. सोंगट्या कशाही विस्कटून ठेवल्या की त्याचा वरचष्मा जवळपास नाहीसा व्हायचा. स्मरणशक्ती दोघांची सारखीच. कसलेल्याला सुट्या सोंगट्यांऐवजी ओळखीच्या जुळण्या दिसतात, आणि अशी एकेक जुळणी त्याच्यासाठी एकच वस्तू असते.

आपल्या खेळातही हेच. ‘बराक, आठ जण लाकडावर, सोनं मोकळं’ हे तिला एका शब्दासारखं वाचता यायला लागलं की उरलेलं लक्ष सुटेल. त्यासाठी रेकॉर्डिंग थांबवून बघण्यासारखा सराव नाही. लागोपाठ सामने खेळून हे शिकायला फार वेळ जातो, कारण सामन्यात उत्तर तपासायची उसंत मिळत नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ देऊन झाल्यावर भाचीने पहिला रँक्ड, म्हणजे गुणांसाठीचा, सामना लावला. हरली. दुसराही.

ईलोचं समजावलं. हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकी प्राध्यापक आर्पाद ईलो यांनी बुद्धिबळासाठी केलेली ही गुणपद्धत. इथे नव्या खेळाडूची सुरुवात १००० वर होते, पण ते नवख्याचं स्थान नव्हे. दोघांत २०० गुणांचं अंतर असेल तर वरचा खेळाडू चारपैकी साधारण तीन सामने जिंकतो. म्हणजे पहिले काही पराभव तिची खरी जागा शोधण्यासाठीच होणार. आकड्याकडे बघू नकोस, फ्यूडलची वेळ लिहून ठेव.

१९ जानेवारी

तिची वही बघितली. प्रत्येक सामन्यापुढे निकाल नाही, फक्त दोन गोष्टी: फ्यूडल किती वाजता, आणि टीसी पहिल्यांदा थांबलं तेव्हा मी काय करत होते. दुसरा रकाना तिने स्वतः पाडलाय. त्यात ‘स्काउटची मारामारी बघत होते’ हे पुन्हा पुन्हा येतं.

सगळ्या शिकणाऱ्यांनी हा रकाना पाडावा. चौथ्या तक्त्याच्या मागे छापायचा.

२६ जानेवारी

दाजी आज जरा खट्टू. “तिच्या बोटांना आता माझी बोटं पुरत नाहीत. वय झालं.”

त्यांना संशोधनच दाखवलं. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये स्टारक्राफ्ट २ च्या ३,३०५ खेळाडूंचे सामने तपासले. वयं १६ ते ४४. परिस्थिती बदलल्यावर पहिली कृती करायला लागणारा वेळ साधारण चोविसाव्या वर्षापासून वाढायला लागतो, असं त्यांना आढळलं. इथवर दाजींचंच खरं. पण त्याच अभ्यासात हेही होतं की वयाने मोठे खेळाडू ही मंदगती खेळाची पद्धत सोपी ठेवून भरून काढतात, हॉटकीसारख्या सोयी नीट वापरतात.

दाजींसाठी वेगळा तक्ता करतोय. हातांना कमी काम देणारी पद्धत: कुंपण लवकर, थोडे भालेवाले, आणि कॅसल युगात नाइट्स. कॅसलला ८०० अन्न आणि २०० सोनं, १६० सेकंद. फ्रँक्सच्या नाइटचा जीव १००ऐवजी १२०. घोडदळाला तिरंदाजांसारखं क्षणाक्षणाला हलवत बसावं लागत नाही. शिवाय तटबंदी दाजींच्या मनाला आवडते. फक्त त्यांनी आता कुंपणाच्या आत बसून समोरच्याच्या सोन्याकडे स्काउट पाठवायचा, हे नवीन.

आज त्यांनी याच पद्धतीने मुलीला हरवलं. ताईने दोघांना जेवायला बोलवायला तीनदा हाक मारली.

९ फेब्रुवारी

परीक्षेआधीचा तिचा शेवटचा सामना, रेकॉर्डिंग बघून ही नोंद.

समोर ब्रिटन्स. तिचा बेत नेहमीचा, स्काउट्सचा. सातव्या मिनिटाच्या पुढे तिचा स्काउट त्याच्या गावाभोवती फिरला आणि सोन्यावर माणसं दिसली. ब्रिटन्स आणि सोनं, म्हणजे तिरंदाज. तिची बराक तोवर अर्धी झाली होती. इथे पाठ केलेली क्रमवारी सांगते: अस्तबल, तीन स्काउट्स, निघा. तिने अस्तबल बांधलंच, पण स्काउट्स दोनच सांगितले, आणि लाकडावरचे दोन जास्त ठेवून लगेच तिरंदाजीचं मैदान उभारायला घेतलं. दोन स्काउट्स त्याच्या लाकूडतोड्यांकडे गेले, कुणाला न मारता फिरत राहिले. तेवढ्यात तिचे पहिले स्कर्मिशर बाहेर पडले. त्याचे तिरंदाज तिच्या गावाशी पोचले तेव्हा समोर स्कर्मिशर उभे होते.

मला जे बघायचं होतं ते इथे आहे: या सगळ्या धावपळीत तिचं टीसी कॅसल युगाचं बटण दाबेपर्यंत एकदाही थांबलं नाही. स्कर्मिशर मागे घेतानाही मधेच एच, गावकरी, परत.

कॅसल युगात ती हरली. त्याने तिरंदाजांचे क्रॉसबोमन, म्हणजे वरच्या दर्जाचे तिरंदाज, केले, तिची स्कर्मिशरांची सुधारणा उशिरा आली आणि नाइट्सकडे वळायला सोन्यावर माणसंच पुरेशी नव्हती. म्हणजे आता तक्त्यांमधली खरी फट दिसली. फ्यूडल ते कॅसल या टप्प्यात शेतं किती, सोन्यावर किती, हे मी कुठेच लिहिलेलं नाही. एक शेत ६० लाकडाचं, नाइट ६० अन्न आणि ७५ सोन्याचा, एका अस्तबलातून ३० सेकंदांना एक. म्हणजे दोन अस्तबलं अखंड चालवायची तर सेकंदाला ४ अन्न आणि ५ सोनं, आणि वर टीसीचे २ अन्न. सोन्यावरचा माणूस सुमारे ०.३८ आणतो, तर तेराच्या वर माणसं नुसती सोन्यावर लागतात.

पाचव्या तक्त्याचा कच्चा मजकूर या आकड्यांवरून आज सुरू केला. भाची परीक्षेत असेपर्यंत दाजींवर तपासायचा. मार्चअखेर ती मोकळी झाली की गुर्जर, आणि अरेबियाऐवजी अरिना, जिथे दगडी तट सुरुवातीलाच तयार असतात.